लातूरची बाई

लातूरची बाई नावाची बाई मुळात नव्हतीच. तिला जन्म दिला आमच्या अब्बांनी, प्रचाराचं काम घेऊन आलेल्या माणसांपुढं, चहा पिता पिता, काही विचार न करता. "आवाज कुणाचा हाय, रऊफभाई? लई गोड हाय," असं त्यांनी विचारलं आणि अब्बा बोलून गेले, "लातूरची एक बाई हाय." झालं. पुढचे पंधरा दिवस अख्खं उदगीर त्या बाईच्या मागं लागलं. कुणी म्हणे ती शाळेत मास्तरीण आहे, कुणी म्हणे नाटकात काम करायची. एका बहाद्दरानं तर तिला लातूरच्या बसस्टँडवर स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, जांभळ्या साडीत. मी दाराआड तांदळातले खडे काढत हे सगळं ऐकत होते. तो आवाज माझा होता आणि जांभळी साडी माझ्याकडे कधीच नव्हती.

आमचं घर म्हणजे पुढं लाऊडस्पीकरचं दुकान, मागं दोन खोल्या, मधे न्हाणीएवढं अंगण. दुसऱ्यांच्या घरात कोंबडा आरवतो, आमच्यात सकाळ व्हायची ती "हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग" या अजानीनंतरच्या दुसऱ्या अजानीनं. हे असं बोललं की अम्मी कानाला हात लावायची आणि हसायचीही. खाटेखाली भोंगे, कपाटावर वायरींची भेंडोळी, आणि ज्या मशीनमधून आवाज मोठा होऊन निघतो ते अब्बांचं लाडकं मशीन अम्मीच्या आणि माझ्या ट्रंकेवर, रुमाल घालून झाकलेलं. त्याच्या दहा हातांत पाण्याचा तांब्या नेला तरी अब्बा अंगावर यायचे. लग्न, उरूस, गणपती, सप्ताह, सगळीकडे त्यांचाच आवाज. निवडणुकीत तर येईल त्याला भोंगा द्यायचा, हा त्यांचा शिरस्ता. "भोंगा किसी का नहीं होता," ते म्हणायचे, "मुँह जिसका, बात उसकी." शुक्रवारी खिचडी-खट्टा खाताना हे वाक्य हमखास यायचं. मी ते इतक्यांदा ऐकलं होतं की खरंच मानत होते.

त्या वेळी राज्यभर धुमाळी चालली होती. एकीकडे युती, दुसरीकडे आघाडी, आणि कुणाचंच पारडं जड होईना. आमच्याकडे आघाडीचे नाना आणि युतीचे अण्णा. मागच्या खेपेला दोघं एका पक्षात होते, एका ताटात जेवत होते, आता एकमेकांचं नाव काढलं तरी थुंकत होते. एकेका जागेवर मुंबईचं सरकार अडकणार, असं टपरीवरचा चहावालासुद्धा सांगायचा, आणि सांगताना असा ताठ व्हायचा जणू ते सरकार त्याच्याच किटलीत उकळतंय.

तर नानांच्या माणसांनी मजकूर लिहून आणला. जड जड मराठी, जोडाक्षरं ठासून भरलेली. अब्बांची शाळा उर्दू, त्यांना ते वाचता येईना. मी मराठी शाळेत शिकलेली, कॉलेजात दुसऱ्या वर्षाला, वक्तृत्वाचे दोन-तीन कप फळीवर. "शाहीन, जरा पढ के दे," म्हणाले. आतल्या खोलीत दाराखिडक्यांवर रजया टांगल्या, अम्मीनं कुकर उतरवला, अंगणातल्या कोंबड्या पाटीखाली झाकल्या आणि मी कॅसेटवर बोलले, "माता-भगिनींनो, हा आवाज तुमच्याच लेकीचा आहे…" घामानं निथळत होते, पण सांगते, लई मजा आली. स्वतःचा आवाज पहिल्यांदा मशीनमधून ऐकला तेव्हा वाटलं, अरे, ही तर कुणीतरी मोठी बाई आहे! माझं नाव मात्र बाहेर सांगायचं नाही, हे ठरलेलंच होतं. घरातली लग्नाची पोरगी गल्लोगल्ली रिक्षावरून ओरडते म्हटल्यावर नातेवाइकांनी अब्बांना उभं सोललं असतं. म्हणून ती लातूरची बाई.

चारच दिवसांत सोपान आला. हा अण्णांचा उजवा हात. मंडपाचे बांबू आणि कनाती ठेवायला अब्बांनी जी जागा भाड्यानं घेतली होती ती त्याची. पेढ्यांचा पुडा मधे ठेवून तो सतरंजीवर मांडी घालून बसला. "आमालाबी तीच बाई पायजे, रऊफभाई."

"दुसरी कुणीबी आणतो की. ती बाई बिझी हाय," अब्बा म्हणाले.

"भोंगा कुणाचाच नसतो म्हणता न्हवं? मग बाई कशी काय नानाची झाली?" सोपान हसला. "हाव म्हणल्याबिगर म्या उठत न्हाई."

अम्मीनं तीनदा चहा केला. तिसऱ्या चहानंतर अब्बांनी हाव म्हटलं. पुन्हा रजया, पुन्हा कोंबड्या पाटीखाली. मी म्हटलं, अब्बा, हे शहाणपण नाही. ते म्हणाले, नानांची रिक्षा गावाच्या या अंगाला फिरवू, अण्णांची त्या अंगाला, कुणाला कळणार आहे? आयुष्यभर दोन्हीकडच्या वायरी ओढलेल्या माणसाला खरंच वाटलं की आवाजाचीही तशीच वायर असते, हवी तेवढीच जाईल. आज त्यांच्यावर हसू येतं. तेव्हा मीही मानच डोलावली होती.

तिसऱ्या दिवशी भर चौकात दोन्ही रिक्षा समोरासमोर आल्या. एकीतून मी म्हणतेय, "नानांनाच प्रचंड मतांनी विजयी करा," दुसरीतून मीच म्हणतेय, "अण्णांशिवाय पर्याय नाही." दोन्हीकडे "तुमच्याच लेकीचा आवाज." लोक पोट धरधरून हसले, पोरं रिक्षांमागं धावली. पण उमेदवारांना हसू येत नसतं. संध्याकाळच्या आत दोन्हीकडची माणसं दुकानापुढं हजर. नानांची माणसं म्हणत होती, त्या बाईला आणा, आमच्या सभेत उभी करा, नाहीतर तुमचं दुकान कसं चालतं बघू. अण्णांची माणसं अगदी तेच, तेवढ्याच मोठ्यानं. अब्बा दोघांनाही सांगत होते, "बाई लातूरला गेली, सायेब." आत आले तेव्हा त्यांचं तोंड उतरलं होतं. अम्मीकडं न बघता म्हणाले, "इलेक्शन होने तक शाहीन बात नहीं करना. किसी से बी."

तुम्हाला वाटेल, त्यात काय मोठं. बसून बघा एकदा. कॉलेज बंद, कारण रस्त्यात कुणी हाक मारली तर ओ द्यायची पंचाईत. अंगणात बोलायचं नाही, कारण भिंतीपलीकडं कमलकाकूंचं घर. हसायचं नाही, शिंकायचं तरी तोंड दाबून. मीठ हवं असेल तर ताटलीवर चमच्यानं एकदा, भाकरी हवी असेल तर दोनदा वाजवायचं. मी घरात अशी फिरत होते, आणि बाहेर सकाळी आठपासून माझाच आवाज गल्लीतून जात होता, येत होता, भिंतीला आदळत होता. दोन्हीकडच्यांना बाई सापडेना, पण कॅसेट बंद करायची हिंमतही कुणात नव्हती, गावाला ती आवडली होती ना! आधी ज्या आवाजावर खूश होते त्याचा मला आता इतका संताप यायचा की उशीत डोकं खुपसून कान दाबून धरायचे. त्या सटवीला सगळं गाव फिरायची मोकळीक, आणि मी खोलीत.

कमलकाकू रोज यायच्या. त्यांना सांगितलं होतं की माझा घसा बसलाय. माझ्यासाठी ज्येष्ठमध आणायच्या, गरम पाण्याच्या गुळण्या करायला लावायच्या, आणि समोर बसून म्हणायच्या, "काय गोड बोलायली गं ती लातूरची बाई! तुझा घसा मोकळा झाला की तूबी शिक तसं." मी मान हलवायचे. अम्मी पदराआड तोंड लपवून चुलीकडं वळायची. पहिले दोन दिवस मलाही हसू यायचं. नंतर यायचं बंद झालं.

आणि त्याच आठवड्यात नांदेडच्या रेडिओचं पत्र आलं. निवेदकांच्या जागेसाठी मी उन्हाळ्यात अर्ज केला होता, अब्बांनीच सही करून दिला होता. स्वरचाचणीची तारीख मतमोजणीच्या दुसऱ्या दिवसाची. सोबत एक कागद भरून न्यायचा होता: मी कोणत्याही राजकीय पक्षाची सदस्य नाही, कोणाचा प्रचार केलेला नाही. खाली सही. तो कागद मी किती वेळा वाचला असेल! माझ्यासाठी ते पत्र म्हणजे उदगीरच्या त्या दोन खोल्यांतून बाहेर पडायचं एकुलतं एक दार होतं. फुफीच्या, म्हणजे आत्याच्या, मुलाचं स्थळ घरात चर्चेला येऊन बसलं होतं, आणि मी पास झाले नाही तर हिवाळ्यात हात पिवळे, हे अम्मीनं स्पष्ट सांगितलं होतं. सराव करायचा तर आवाज काढायला बंदी. मी रजईत तोंड घालून नुसते ओठ हलवून बातम्या म्हणायचे. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, दुसरं काय. अब्बांपुढं पत्र धरलं तेव्हा ते म्हणाले, "इलेक्शन हो जाने दे बेटा. मैं खुद लेको जातूं." मी ताटलीवर चमचा आपटला, किती वेळा ते आठवत नाही.

मतदानाच्या दिवशी मी म्हटलं, म्हणजे हातवारे करून म्हटलं, की मी जाणार. पहिलंच मत होतं. अम्मीनं पुष्कळ नको-नको केलं, शेवटी सोबत आली. शाळेच्या वर्गात केंद्र, बायकांची रांग वेगळी, कमलकाकू आमच्या मागंच. आत बाकावर दोन्ही बाजूंची माणसं याद्या घेऊन बसलेली. अण्णांच्या बाजूनं साक्षात सोपान. अधिकाऱ्यानं यादीत बोट फिरवलं आणि थांबला. आमच्या गल्लीत शाहीन बेगम दोन. वडिलांची नावं वेगळी.

"ही कोणती?" सोपान लगेच म्हणाला. "आमचा आक्षेप हाय. तिनं सोताच्या तोंडानं नाव सांगावं, बापाचं सांगावं."

मी अम्मीकडं पाहिलं. अम्मी घाबरली होती, आणि घाबरलेल्या माणसाला जे सुचतं ते तिला सुचलं. "बोलत न्हाई साहेब ती. मुकी हाय."

"मुकी?" मागून कमलकाकू ओरडल्या. "अगं बाई, घसा बसलाय तिचा! मुकी कशानं?"

अधिकारी बिचारा सकाळपासून वैतागलेला. "हे बघा, मुकी असेल तर तसा शेरा मारतो, आईच्या सांगण्यावर मत देऊ द्या. काय लिहू?" त्यानं पेनचं टोपण काढलं.

शेरा. सरकारी कागदावर, माझ्या नावापुढं, मुकी. चार दिवसांनी मला मायक्रोफोनपुढं बसायचं होतं. इतके दिवस मी गिळलं होतं, पण ते पेन कागदाला टेकताना पाहिलं आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. वर्ग, सोपान, अब्बांचं दुकान, सगळं गेलं खड्ड्यात. मी बोलले, "शाहीन बेगम अब्दुल रऊफ. वय एकोणीस. मी मुकी नाही."

पंधरा दिवस दिवसाला शंभरदा ऐकलेला आवाज, तो ओळखायला काय वेळ लागतो? नानांचा माणूस बाकावरून अर्धा उठला. सोपान माझ्याकडं टक लावून पाहत होता, मग हळूच हसला, जणू हरवलेली शेळी सापडली. "आमचा आक्षेप न्हाई," तो म्हणाला. कमलकाकूंनी तोंडावर हात ठेवला होता. त्यांच्या ज्येष्ठमधाची मला इतकी लाज वाटली की मत कसं दिलं तेच कळलं नाही.

घरी अब्बा नुसते वायरींची भेंडोळी गुंडाळत बसले. रागावले असते तर बरं झालं असतं. मोजणीपर्यंतचे दिवस कुणी दारात आलं नाही, भांडायलाही नाही. दोन्ही बाजू निकालाची वाट पाहत होत्या, की या घराचं काय करायचं ते त्यानंतर ठरवू. आता बोलायला मोकळी होते, पण बोलणार कुणाशी? कमलकाकू येईनाशा झाल्या.

मोजणीला दुपार झाली. कधी नाना पुढं, कधी अण्णा, फेरमोजणीची मागणी, आरडाओरडा. शेवटी अण्णा आले, एका गल्लीएवढ्या मतांनी. राज्यात तर दोन्ही बाजूंचं घोडं मधेच अडलं होतं, सरकार कुणाचं ते कुणालाच सांगता येईना, म्हणून प्रत्येक आमदाराचा भाव वधारलेला. अण्णांना मुंबईत मिरवायचं होतं. गुलालानं माखलेला सोपान जीप घेऊन आला. "चल बाई, सायेबांनी बोलवलंय. स्टेजवर चार शब्द आभाराचे. लातूरहून, पार नांदेडहून पेपरवाले आलेत, फोटो निघंल. तूच निवडून आणलंस म्हण की!"

स्टेजवर उभी राहिले, नाव पुकारलं गेलं आणि उद्या नांदेडच्या पेपरात फोटो आला, तर कोणत्या तोंडानं त्या कागदावर सही करणार होते? आणि आमची अख्खी गल्ली नानांची. तिथं पुन्हा कोणत्या तोंडानं राहणार होतो? नाही म्हणावं, तर जिंकलेला आमदार आणि सोपानची जागा. अम्मी म्हणाली, पोरीला ताप आहे. सोपान म्हणाला, "ताप बरा हुतो आमच्या सायेबांच्या मांडवात." अम्मी आणि मी जीपमध्ये बसलो. दुसरं काय करणार होतो, सांगा.

मांडवात अब्बाच होते. अण्णा जिंकले काय, नाना जिंकले काय, स्पीकर त्यांचाच लागणार होता. स्टेजच्या बाजूला टेबलावर ते मशीन, आणि मागं स्टुलावर अब्बा. तीस वर्षांत त्यांच्या मशीननं भर सभेत कुणाचं बोलणं अडवलेलं नव्हतं. पावसात नाही, दंगलीच्या वर्षी नाही. उदगीरात लोक म्हणायचे, लाईट जाईल पण रऊफचा आवाज जायचा नाही. ही त्यांची एकमेव मिजास होती. मला आणि अम्मीला स्टेजच्या पायरीपाशी उभं केलं. फोटोवाले पुढं सरसावले. सोपाननं माइक घेतला.

"भावांनो, ज्या आवाजानं सगळं उदगीर येडं केलं, जी लातूरची बाई म्हणून आपुन हुडकत हुतो, ती लातूरची न्हाईच! ती आपल्याच गावची, आपल्याच—"

आणि आवाज गेला. नुसतं सोपानचं तोंड हलत होतं. लोकांनी शिट्ट्या मारल्या. तो माइकवर थापा मारू लागला, अण्णा कपाळाला आठ्या घालून मागं वळले. मी अब्बांकडं पाहिलं. त्यांचा हात मशीनच्या मागं होता, आणि ते माझ्याकडं नाही, समोर लोकांकडं पाहत होते. मग स्टुलावरून उठले आणि आपल्या उघड्या, घोगऱ्या, बिनमशीनच्या आवाजात ओरडले, "मशीन जळालं, सायेब! माफी करा! माफी करा!"

"कायला आणलंस रे असलं भंगार?" कुणीतरी ओरडलं. लोक हसले. ओढाताण झाली, वेळ जाऊ लागला, कुणीतरी हलगी सुरू केली, पोरांनी अण्णांना खांद्यावर घेतलं, गुलाल उडाला, आणि सगळी गर्दी मिरवणुकीकडं वळली. अम्मीनं माझं मनगट धरून मला मांडवाच्या मागून काढलं. घरापर्यंत तिनं ते सोडलं नाही.

सकाळच्या गाडीनं मी नांदेडला गेले. सोबत अब्बा नव्हते, अम्मीचा भाऊ होता. त्या कागदावर मी सही केली. खोटी सही होती, इतक्या वर्षांनी कबूल करायला काय जातं. पुढं माझा आवाज रेडिओवरून घरोघर गेला हे वाचकाला ठाऊकच आहे, त्यावाचून हे आठवणींचं पुस्तक लिहायला मला कुणी सांगितलं नसतं.

संध्याकाळी परत आले तर दुकानात मशीन उघडं पडलेलं, आतून काळंठिक्कर, घरभर जळक्या तारांचा वास. मला काही कळेना. काल तर ते चांगलं होतं. अम्मीनं आत नेऊन हळूच सांगितलं. सोपान सकाळी लातूरचा मिस्त्री घेऊन येणार, मशीन खरंच जळालंय का बघायला, असा निरोप आला होता. ते यायच्या आधी अब्बा दार लावून दुकानात बसले. "अपने हातां से जलाए उनो," अम्मी म्हणाली, आणि तोंडात पदर कोंबून रडायला लागली. मिस्त्रीनं पाहिलं आणि मान हलवली, जळालंय. तेव्हापासून कितीतरी वर्षं उदगीरात म्हणत, रऊफचं काम आता पहिल्यासारखं राहिलं नाही, ऐन वेळी मशीन दगा देतं. गणपतीची, उरसाची कामं एकेक करून दुसऱ्याकडं गेली. अब्बांनी कुणालाही खुलासा केला नाही. आज ते नाहीत, म्हणून मी लिहिते: मशीन चांगलं होतं.

मी दुकानात गेले. अब्बा स्टुलावर बसले होते, बोटांना पट्टी. माझ्याकडं न बघता विचारलं, "क्या पढने दिए?"

"बाजारभाव," मी म्हटलं. "तूर, सोयाबीन, हरभरा."

"पढ के बता."

कागद तिकडंच राहिला होता, पण सगळं पाठ झालं होतं. मी म्हणायला लागले, सवयीनं, हळू, ओठांतल्या ओठांत. अब्बांनी पट्टीचा हात वर करून मला थांबवलं.

"ऐसा नहीं," ते म्हणाले. "जोर से."